अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि सुजाण ग्राहक

दसरा आठवड्यावर आला की बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चालणे कठीण होते. विजेची उपकरणे, वायरी, दिव्यांच्या माळा आणि जुन्या काळी रेडिओ-टेपरेकॉर्डरचे सुटे भाग यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गल्लीत आता मोबाइलचाही बाजार भरतो. आजोबा, आई-वडील आणि महाविद्यालयात जाणारी कन्या असे एखादे कुटुंब दुकानात शिरते. विक्रेता कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचे पाढे म्हणू लागतो, कन्येची नजर रंगावर असते, वडील मासिक हप्ता विचारतात. अर्ध्या-पाऊण तासात खरेदी उरकते. पिशवी हातात देताना विक्रेता सहज विचारतो, "रिचार्जही मारून देऊ का, काका?" काका मान डोलावतात. कोणता रिचार्ज, किती दिवसांचा, कोणासाठी, याची चौकशी होत नाही. ज्या घरात डाळीच्या किलोमागे दोन रुपयांचा फरक पाहून दुकान बदलले जाते, त्याच घरातील हे दृश्य आहे.

वस्तुतः खरा खर्च तेथेच सुरू होतो. हँडसेटचे पैसे एकदा मोजले की तीन-चार वर्षे तो विषय संपतो. रिचार्जचे पैसे मात्र वर्षातून तेरा वेळा मोजावे लागतात. बारा नव्हे, तेरा! कारण मोबाइल कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा आहे. आपल्या कालगणनेत चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा आणि नाक्षत्र मास सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित अधिक; इंग्रजी पद्धतीत फेब्रुवारीचा अपवाद वगळता महिना तीस वा एकतीस दिवसांचा. अठ्ठावीस दिवसांचा बारमाही महिना मात्र कोणत्याही पंचांगात सापडणार नाही. तो दूरसंचार कंपन्यांच्या विक्री विभागाने शोधून काढला आहे आणि कोट्यवधी सुशिक्षित भारतीयांनी तो बिनतक्रार स्वीकारला आहे.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दरवाढ केली. रोज दीड जीबी डेटा देणारा जिओचा २३९ रुपयांचा आणि रोज एक जीबी डेटा देणारा एअरटेलचा २६५ रुपयांचा, असा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज तेव्हा २९९ रुपयांवर गेला. त्या दराने एका माणसाचा वर्षाचा खर्च तेरा रिचार्जचे मिळून ३,८८७ रुपये होतो. पाच जणांच्या कुटुंबात हाच आकडा १९,४३५ रुपयांवर जातो. यांतील पाचवा हिस्साही विचारपूर्वक खर्च झालेला नसतो.

ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, याबाबतीत अगदीच झोपलेले नव्हते. पूर्ण तीस दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असा आदेश जानेवारी २०२२ मध्ये निघाला. कंपन्यांनी तो पाळला. पण दुकानाच्या फलकावर ठळक अक्षरांत अठ्ठावीस दिवसच झळकत राहिले. नियम ग्राहकाच्या बाजूचा असला तरी मागणारा ग्राहक नसेल तर तो कागदावरच राहतो.

याहून बोलके उदाहरण बोलण्यापुरत्या रिचार्जचे आहे. घरातील आजी-आजोबांना, गावाकडील मावशीला, दुसऱ्या सिमवर बँकेचे संदेश तेवढे घेणाऱ्या गृहस्थाला इंटरनेट लागत नाही. तरीही वर्षानुवर्षे त्यांना डेटासकट रिचार्ज घ्यावा लागे, कारण दुसरा पर्याय ठळकपणे कोणी ठेवतच नव्हते. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियमात दुरुस्ती करून संभाषण आणि एसएमएस एवढ्यापुरतेच असलेले रिचार्ज देणे बंधनकारक केले आणि अशा रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये हे रिचार्ज बाजारात आले. एअरटेलचा वर्षभराचा १,८४९ रुपयांना आणि ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना; जिओचा ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांना आणि ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना. (३३६ दिवस हा आकडा कोठून आला? बारा गुणिले अठ्ठावीस. सवय सुटत नाही ती अशी.)

वर सांगितलेल्या पाच जणांच्या घरात दोघे वृद्ध असतील आणि घरात वायफाय असेल, तर त्या दोघांसाठी वर्षाचा बोलण्यापुरता रिचार्ज घेतल्यास एकूण खर्च १९,४३५ वरून १५,३५९ रुपयांवर येतो. कोणाचीही कोणती सोय न काढता ४,०७६ रुपये वाचतात. घरातील वायफायवर आजोबांचे कीर्तन आणि नातवाचा व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच चालू राहतो. मात्र हे रिचार्ज दुकानदार आपणहून सुचवत नाही. ते नावाने मागावे लागतात.

उरलेल्या तिघांना तरी रोज दीड किंवा दोन जीबी लागतो काय, हा पुढचा प्रश्न. यूपीआयने पैसे देणे, निरोप पाठवणे, बसचे वेळापत्रक पाहणे, बातम्या वाचणे या कामांना दिवसाकाठी फार थोडा डेटा पुरतो. डेटा संपवतो तो चलचित्रांचा प्रवाह, आणि तोही घराबाहेर असताना पाहिलेला. ज्या घरात फायबरचे मासिक भाडे भरले जाते, त्या घरात माणशी दोन जीबीचा रोजचा रिचार्ज म्हणजे एकाच विहिरीच्या पाण्याचे पैसे दोनदा देणे होय. शिवाय न वापरलेला रोजचा डेटा मध्यरात्री संपुष्टात येतो. गवळ्याने दोन लिटर दूध घालावे आणि उरलेले रात्री बाराला येऊन परत न्यावे, तसा हा व्यवहार आहे. अमर्याद ५जीचे आमिषही नीट पाहून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले तेव्हा पहिल्या तेरा शहरांत पुण्याचे नाव होते. परंतु जुलै २०२४ नंतर जिओ व एअरटेल यांनी ही अमर्याद सोय रोज दोन जीबी वा त्याहून मोठ्या रिचार्जपुरती सीमित केली.

डेटा किती लागतो, हा शेवटी त्या घरातील संध्याकाळ कशी जाते याचा प्रश्न आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून एक उपक्रम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास घरोघरी मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. पुण्याच्या सोसायट्यांत भोंगा वाजवला तर पहिली तक्रार भोंग्याचीच होईल, हे खरे. पण ज्या घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी पाचही मोबाइल एका टोपलीत ठेवले जातात, त्यांचा रोजचा दोन जीबी संपत नाही, असे त्या घरांतील गृहिणी सांगतील.

आता हँडसेटकडे वळावे. येथे स्वदेशीचा विचार येतो आणि तो प्रामाणिकपणे करावयाचा तर काही अप्रिय गोष्टी बोलाव्या लागतात. १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय सैनिकांनी प्राणार्पण केले. २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. देश पेटून उठला होता, बहिष्काराचे संदेश घरोघरी फिरत होते. त्यांतील बहुसंख्य संदेश चिनी कंपन्यांच्या मोबाइलवरूनच पाठवले जात होते आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत, मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी म्हणून, नवे हँडसेटही बहुतेकांनी त्याच कंपन्यांचे घेतले. यात कार्यकर्त्यांची घरे वेगळी नव्हती. हा दोष ढोंगाचा नाही. दहा-बारा हजार रुपयांत तसा दुसरा फोन समोर नव्हता, हे त्याचे कारण आहे.

ऑक्टोबर १९०५ मध्ये याच पुण्यात तरुण सावरकरांनी लोकमान्यांच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी केली आणि त्यापायी फर्ग्युसन महाविद्यालयाने त्यांना दहा रुपये दंड ठोठावला, हे सर्वांना पाठ आहे. त्याहून तीन दशके आधी सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, हातच्या सुताचे कापड अंगावर घालण्याचे व्रत घेतले होते आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते त्याच वेशात गेले होते. पण पुण्याच्या स्वदेशीचा एक पुढचा अध्याय सहसा सांगितला जात नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा अशा वर्गणीतून 'पैसा फंड' उभा केला. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले. आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे त्या पैशातून काच कारखाना उभा राहिला. तेथे काचसामान तर बनलेच, पण काच बनवण्याचे शिक्षणही दिले गेले. विदेशी वस्तू जाळणे एका संध्याकाळचे काम होते. आपली वस्तू बनवू शकणारे हात तयार करणे अनेक वर्षांचे.

भारतीय मोबाइल कंपन्या नेमक्या येथे कमी पडल्या. २०१४-१५ च्या सुमारास मायक्रोमॅक्स ही भारतीय कंपनी देशाच्या बाजारात सॅमसंगच्या तोडीस तोड उभी होती. कार्बन, इंटेक्स, लावा यांचाही खप मोठा होता. परंतु यांतील बहुतेक हँडसेटची रचना आणि जुळणी चीनमधील कारखान्यांकडून करून घेतलेली असे. त्यावर नाव तेवढे आपले. देश ४जीकडे वळला आणि चिनी कंपन्या स्वतःच्या नावाने थेट भारतात उतरल्या, तेव्हा नावाशिवाय हाती काही नसलेल्यांना दोन-तीन वर्षांत माघार घ्यावी लागली. भट्टी स्वतःची नसली की असे होते.

त्यानंतर चित्र बदलले आहे, आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये देशात मोबाइल बनवणारे दोन कारखाने होते. आता त्यांची संख्या तीनशेच्या आसपास आहे आणि देशात विकले जाणारे जवळजवळ सर्व मोबाइल देशातच तयार होतात. एप्रिल २०२० मधील उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेने निर्यातीलाही गती मिळाली. कर्नाटकातील नरसापूरचा आयफोनचा कारखाना टाटा समूहाने विस्ट्रॉन या तैवानी कंपनीकडून घेतला. तथापि 'भारतात बनलेला' आणि 'भारताचा' यांत अंतर आहे. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात २००५ मध्ये एलजीचे हँडसेट बनू लागले होते. २०२१ मध्ये त्या कंपनीने जगभरातील मोबाइल व्यवसायच गुंडाळला. तो निर्णय कोरियात झाला, रांजणगावात नव्हे.

तेव्हा दुकानात उभ्या राहिलेल्या ग्राहकाने खोक्यावर 'मेड इन इंडिया' वाचून थांबू नये. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, वनप्लस, पोको, आयक्यू, टेक्नो, इन्फिनिक्स ही सर्व चिनी मालकीची नावे आहेत. मोटोरोला अमेरिकी वाटते, पण २०१४ पासून ती लेनोवो या चिनी समूहाकडे आहे. विवोच्या भारतातील उलाढालीतून ६२ हजार कोटींहून अधिक रुपये मुख्यतः चीनमध्ये गेले, असा आरोप सक्तवसुली संचालनालयाने जुलै २०२२ मध्ये केला होता. भारतीय मालकीचा हँडसेट घ्यावयाचा तर आज प्रामुख्याने नोएडाच्या लावा कंपनीचे नाव समोर येते. त्यातही प्रोसेसर परदेशी असतो आणि अनेक सुटे भाग चीनमधून आलेले असतात, हे लपवण्याचे कारण नाही. त्यापलीकडे कोरियाचे सॅमसंग आहे, ज्याचा नोएडातील विस्तारित कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला. स्वदेशीच्या शिडीवर अशा पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी परवडत नसेल तर एक खालची निवडावी. पण शिडी आहे हे ठाऊक असावे.

तांत्रिक बाबी फारशा अवघड नाहीत. मध्यम वापराला सहा ते आठ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण पुरते. मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार, हे विचारावे. त्याच फोनवर बँक असते. सेवा केंद्र पुण्यात कोठे आहे, मराठी टंकलेखन सहज होते काय, वृद्धांसाठी अक्षरे मोठी करता येतात काय, हे दुकानातच करून पाहावे. 'शून्य टक्के व्याजा'ला भुलू नये. अशी व्याजशून्य योजना वस्तुतः नसतेच, व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. जुना फोन विकत घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक 'संचार साथी'वर तपासला की तो चोरीचा किंवा बनावट आहे काय, हे कळते. आणि चालू फोनची बॅटरी बदलून आणखी दोन वर्षे निघत असतील, तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वदेशी फोन तोच!

हँडसेटच्या बाबतीत ग्राहकाची शक्ती अशी मर्यादित आहे. नेटवर्कच्या बाबतीत मात्र ती मोठी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद कोलकात्याहून दिल्लीला झाला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. अटलजींच्या सरकारने १९९९ चे दूरसंचार धोरण आणले, २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली आणि मे २००३ पासून येणारे फोन विनामूल्य झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटाचे दर कोसळले. सरकारी हिशेबाने २०१४ मध्ये एका जीबीस सुमारे २६९ रुपये पडत. दशकभरात तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. प्रत्येक वेळी दर उतरले ते नवा स्पर्धक मैदानात आला म्हणून. पुढे मैदान रिकामे होत गेले. एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स ही नावे पुसली गेली. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या आणि त्या कंपनीची थकबाकी इतकी वाढली की एप्रिल २०२५ मध्ये तिचे सुमारे ४९ टक्के भाग सरकारकडे आले. मैदान मोकळे झाल्यावर दर कोणत्या दिशेने जातात, ते जुलै २०२४ ने दाखवले.

त्या महिन्यात एक लक्षणीय गोष्ट घडली. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत. एका महिन्यात तिचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. ग्राहकाने ठरवले तर काय होऊ शकते, याचा तो पुरावा होता. दुर्दैवाने काही महिन्यांतच ओघ उलटला, कारण स्वस्त रिचार्जला साजेसे ४जी जाळे तेव्हा बीएसएनएलकडे नव्हते. खासगी कंपन्यांच्या मागे अनेक वर्षे राहिलेली, २०१९-२० च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत ७८ हजारांहून अधिक कर्मचारी गमावलेली ही संस्था सरकारच्या तीन मोठ्या अर्थसाह्यांवर तगली. परंतु या उशिराची एक उजळ बाजूही आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांनी ज्या ४जी जाळ्याचे लोकार्पण केले, ते सी-डॉट, तेजस नेटवर्क्स आणि टीसीएस यांनी मिळून भारतात घडवलेल्या तंत्रावर चालते. ९७ हजारांहून अधिक मनोऱ्यांचा हा प्रकल्प आहे. असे तंत्र स्वतः बनवणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तळेगावच्या भट्टीशी ज्याची तुलना करता येईल अशी वस्तू आजच्या मोबाइल व्यवहारात कोणती असेल, तर ती हँडसेटच्या खोक्यात नव्हे, या मनोऱ्यांत आहे.

अर्थात भावनेपोटी संपूर्ण घर एका रात्रीत बीएसएनएलवर न्यावे, असे कोणी सुचवणार नाही. ज्यांचे काम फोनवर चालते, त्यांना रेंज आधी लागते. पेठेतील जाड भिंतींच्या वाड्यात, कोथरूडच्या इमारतींच्या तळमजल्यावर, सिंहगड रस्त्याच्या कडेला किंवा कोकणातील मूळ गावी कोणते नेटवर्क मिळते, हे कोणतीही जाहिरात सांगू शकत नाही. ते पाहावेच लागते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा मुख्य आग्रह हाच होता की माल पारखून घ्यावा आणि शक्यतो मिळून घ्यावा. सोसायटीतील पाच-सात घरांनी एकमेकांची रेंज आणि रिचार्ज एका कागदावर मांडले, तरी निम्मे काम होते.

बहुतेक हँडसेटमध्ये आज दोन सिम बसतात. कुटुंबात वाचलेल्या चार हजारांतून एक बीएसएनएल सिम घेऊन ते दोन-तीन महिने दुसऱ्या खाच्यात चालवून पाहणे कोणालाही जड नाही. स्वयंपाकघरात, कार्यालयात, बसमध्ये, गावच्या घरी रेंज पुरेशी मिळाली, तर मुख्य क्रमांकही तिकडे नेता येतो. त्यासाठी 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक लिहावा आणि हा संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरादाखल आलेला संकेतांक चार दिवसांत नव्या कंपनीच्या केंद्रात द्यावयाचा असतो. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असावेत आणि थकबाकी नसावी, एवढीच मुख्य अट. राज्यातल्या राज्यात हे काम तीन कार्यदिवसांत व्हावयास हवे. क्रमांक तोच राहतो आणि बँकेतील नोंदही बदलावी लागत नाही.